बॅरिस्टर बाबासाहेबांची वकिली

गेल्या वर्षावासात शिळफाट्याच्या आमच्या वस्तीत ग्रंथवाचन आटोपल्यावर एक उपासिका मागे थांबल्या. त्यांचा मुलगा हा त्यांच्या सबंध घराण्यातला पहिला वकील. सनद घेऊन दोन वर्षे झाली. रोज सकाळी पांढरा शर्ट व काळा कोट चढवून तो तालुक्याच्या कोर्टात जातो आणि संध्याकाळी एस.टी.ने रिकाम्या हातांनी परत येतो. खोपोलीकडच्या एका कारखान्यात कारकुनाची जागा निघाली होती. गुरुजी, ती जागा त्याने धरावी की वकिलीच रेटावी, असे त्या मला विचारीत होत्या.

मी शाळामास्तर. माझ्या घरातही माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. कोर्टकचेरीतले मला काय कळणार? परंतु नुसता धीर देऊन त्यांची बोळवण करणेही बरे वाटेना. म्हणून मी त्यांना परमपूज्य बाबासाहेबांच्या वकिलीची पहिली चौदा वर्षे सांगितली. ज्या घरांत अशी मुले-मुली आता वकिलीचा अभ्यास करीत आहेत, त्या घरांसाठी तीच हकीकत येथे जरा विस्ताराने लिहितो.

आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो आणि बुद्धाच्या मार्गावर आणणारे म्हणून वंदन करतो. पण त्यांनी पोटासाठी वकिली केली, आणि ती करताना बापजाद्यांची गादी, ओळखीचा सॉलिसिटर किंवा गाठीला पैसा यांपैकी काहीही त्यांच्याजवळ नव्हते, हा भाग आपल्या सभांतून फारसा सांगितला जात नाही.

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठातून लंडनला आल्यावर त्यांनी अर्थशास्त्राच्या अभ्यासाबरोबरच ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी नाव घातले. तेथे परीक्षांबरोबर ठरलेल्या टर्म भराव्या लागत, आणि टर्म भरणे म्हणजे संस्थेच्या भोजनगृहात नेमकी इतकी जेवणे हजेरी लावून घेणे! ज्याच्या हातचे पाणी आपल्या देशात कोणी घेत नव्हते, त्याला तेथे पंक्तीस बसल्याशिवाय बॅरिस्टरच होता येत नव्हते. पण टर्म पुऱ्या होण्याआधीच बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. बडोद्यातील नोकरीत काय घडले, पारशी विश्रामगृहातून त्यांना कसे बाहेर काढले, ते आपल्या मुलांनाही पाठ आहे. तेथे मी थांबत नाही.

त्यानंतर मुंबईत त्यांनी केलेला उद्योग मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. शेअर व रोखे यांच्या व्यवहारात व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचे काम त्यांनी सुरू केले. अर्थशास्त्रात एवढे शिकलेला माणूस सल्ला देतो म्हटल्यावर गिऱ्हाईक येऊ लागले. पुढे सल्ला देणारा महार आहे हे कळले आणि येणारे यायचे थांबले. सल्ला चुकला अशी कोणाची तक्रार नव्हती. स्वतंत्र धंद्याचा हा त्यांचा पहिला प्रयत्न असा बुडाला. ज्ञान पुरेसे असले तरी गिऱ्हाईक कोणत्या दाराने येते, हे पाहिल्यावाचून धंदा टिकत नाही, ही गोष्ट त्यांनी तेव्हाच मनाशी बांधली असावी असे मला वाटते, कारण पुढे वकिलीत त्यांनी दार फार विचाराने निवडले.

१९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी हा पगार मोठा होता. पण ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच राहिले आणि पैसा पैसा मागे टाकीत गेले. नोकरी १९२० च्या मार्चपर्यंत केली. साठवलेली रक्कम, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्यावर ते पुन्हा लंडनला गेले. जून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, आणि एप्रिल १९२३ मध्ये मुंबईस परतले.

आता पुढे काय? पुन्हा कॉलेजात किंवा सरकारी खात्यात जाणे त्यांना अशक्य नव्हते. ठरलेला पगार घरात आला असता. मी स्वतः पगारदार माणूस आहे, म्हणून हे बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. पगारदाराला महिन्याच्या एक तारखेचे सुख असते, आणि त्याची किंमत म्हणून काही गोष्टी गिळाव्या लागतात. कोणाविरुद्ध उभे राहायचे हे त्याचे त्याला ठरवता येत नाही. बाबासाहेबांना तर साऱ्या रूढीविरुद्ध आणि प्रसंगी सरकारविरुद्धही उभे राहायचे होते. वकिली ही त्यांनी या मोकळीकीसाठी पत्करली. ती पत्करली तेव्हा सनदेची फी भरण्यापुरतेही पैसे त्यांच्याजवळ नव्हते. तीही नवल भथेनांनीच दिली. जुलै १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात त्यांचे काम सुरू झाले.

येथे हायकोर्टाची त्या वेळची रचना थोडी समजून घेतली पाहिजे, कारण सारी मेख तिच्यातच आहे. हायकोर्टाच्या दोन बाजू होत्या. एक ओरिजिनल साइड. मुंबई शहरातील पेढीवाले, गिरणीमालक, मोठमोठ्या इस्टेटी यांचे दावे तेथे चालत, आणि पैसाही तेथेच होता. पण त्या बाजूला पक्षकाराने थेट बॅरिस्टरकडे जायचे नाही असा दंडक होता. पक्षकार सॉलिसिटरकडे जाई व सॉलिसिटर आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरला ब्रीफ देई. म्हणजे बॅरिस्टरचे खरे गिऱ्हाईक सॉलिसिटर. आणि हे सॉलिसिटर एका अस्पृश्य बॅरिस्टरच्या चेंबरात यायला, त्याच्याबरोबर बसून कागद चाळायला तयार नव्हते. भरीस भर म्हणून गोऱ्या बॅरिस्टरांचे वर्चस्व होतेच.

दुसरी अपीलेट साइड. जिल्ह्याजिल्ह्यांतून वर आलेली अपिले येथे चालत. पैसा कमी, काम किचकट, कागद मोडी-मराठीतले. पण येथे पक्षकार सॉलिसिटरवाचून सरळ वकिलाकडे येऊ शकत होता. बाबासाहेबांनी ही बाजू धरली. जेथे मधला माणूस दार अडवून उभा आहे तेथे डोके आपटीत बसण्याऐवजी जेथे माणूस थेट भेटतो तेथे त्यांनी आपले दुकान मांडले. हायकोर्टाबरोबर ठाण्यासारख्या बाहेरगावच्या कोर्टांतही ते काम घेत. मोठ्या बॅरिस्टरांना अशी बाहेरगावची कामे हलकी वाटत.

आता अशील येणार कसे? वकिलाला जाहिरात करता येत नाही. हे बंधन बॅरिस्टरांच्या शिष्टाचारात तेव्हाही होते आणि आज बार कौन्सिलच्या नियमांतही आहे. दारावरची पाटीसुद्धा वाजवी आकाराचीच हवी, आणि दलालामार्फत अशील गोळा करणे हा तर उघड गैरप्रकार. तरीही कोर्टाच्या आवारात झाडाखाली उभे राहून खेड्यातून आलेल्या गोंधळलेल्या माणसाला अमुक वकिलाकडे चला म्हणणारे दलाल काही आजचे नव्हेत. १८७९ च्या कायद्यात पुढे दुरुस्ती करून अशा दलालांची यादी कोर्टात लावण्याची तरतूद घातली गेली, यावरून रोग किती जुना ते कळेल. नव्या वकिलाला पहिला मोह होतो तो याच वाटेचा. सम्यक् आजीविका आपण वंदनेनंतर ऐकतो, तिचा प्रश्न येथे कोर्टाच्या आवारात प्रत्यक्ष उभा राहतो.

बाबासाहेबांकडे अशील आले ते समाजाच्या कामातून. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. तिची कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये होती आणि बाबासाहेब वकिलीचे कामही तेथेच बसून पाहत. परळ म्हणजे गिरणगाव. कोकणातून, देशावरून आलेली आपली माणसे चाळीचाळींतून भरलेली. वसतिगृहासाठी, वाचनालयासाठी किंवा नुसते दर्शनाला म्हणून आलेला माणूस जाताना पिशवीतून समन्सचा कागद काढी. अशा माणसाकडे फी कोठली असणार? किती कामे फुकट केली गेली त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण गावी परतलेला माणूस चावडीवर, बाजारात, लग्नात सांगे की मुंबईला आपला एक बॅरिस्टर आहे, तो कागद वाचून घेतो, बसायला सांगतो. पाटी नाही, जाहिरात नाही. बोभाटा मात्र झाला.

बोभाट्याने चूल पेटत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकविणाऱ्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत असत. पुढे सरकारी लॉ कॉलेजातही काही काळ शिकविले. दोन जगप्रसिद्ध विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या बॅरिस्टरने हिशेबनिसांच्या वर्गावर तास घ्यावेत, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. वकिलीचे उत्पन्न बेभरवशाचे. त्याला शिकवणीच्या थोड्या पण ठरलेल्या पैशांचा टेकू दिला, एवढाच व्यवहार. त्या उपासिकांना मी ही गोष्ट दोनदा सांगितली.

त्यावर त्यांनी एकच विचारले. एवढी वर्षे घर कसे चालले?

घर चालविले रमाईंनी. परळच्या चाळीतल्या दोन खोल्या, विधवा जाऊबाई व त्यांचा मुलगा, स्वतःचा यशवंत आणि येणारे-जाणारे. बाबासाहेब परदेशी असतानाची हलाखी रमाईंनी काढली होतीच, पण बॅरिस्टर घरी आल्यावर ती एकाएकी संपली असे कोणी समजू नये. पाच लेकरांपैकी एकटा यशवंत हाती लागला. धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्या दुःखातून बाबासाहेब बरेच दिवस बाहेर आले नाहीत.

आणि नेमक्या त्याच सुमारास वकील म्हणून त्यांचे नाव करणारा पहिला खटला उभा होता. दिनकरराव जवळकरांनी देशाचे दुश्मन हे पुस्तक लिहिले होते. त्यात लोकमान्य टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर जहाल टीका होती. पुण्यात बदनामीची फिर्याद झाली आणि केशवराव जेधे, जवळकर वगैरे ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलाचे काम बाबासाहेबांकडे आले. पुण्यासारख्या ठिकाणी, नाणावलेल्या वकिलांसमोर, सनद घेऊन तीन वर्षे झालेला अस्पृश्य बॅरिस्टर उभा राहिला, आणि ऑक्टोबर १९२६ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. राजरत्न जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी आमच्या कर्जतवरून घाट चढते. त्या दिवसांत कागदांची बॅग मांडीवर घेऊन ते याच वाटेने गेले असतील, असे कर्जत स्टेशनवर उभा असलो की माझ्या मनात येते.

या खटल्याने एक गोष्ट झाली. आपल्या समाजाबाहेरचे लोकही त्यांच्याकडे काम घेऊन येऊ लागले. वकिलाचे पाय रोवले जातात ते येथे. स्वजातीचा म्हणून येणारा अशील वकिलाला उभा करतो, आणि काम चांगले करतो म्हणून येणारा परका अशील त्याला टिकवतो.

यानंतर आपल्याच जिल्ह्यातला दावा येतो. तेव्हा त्याला कुलाबा म्हणत, १९८१ पासून रायगड. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी घेतले, हे सांगायला नको. पण त्या पाण्याचा कोर्टातला भाग दहा वर्षे चालला, तो सांगायला हवा. रा. ब. सी. के. बोले यांच्या ठरावाला धरून महाड नगरपालिकेने १९२४ सालीच तळे सर्वांना खुले केले होते. तरी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह होणार असे दिसताच महाडच्या काही सवर्णांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी दावा लावला. हे तळे पूर्वापार वहिवाटीने आपले आहे, त्यात अस्पृश्यांना मज्जाव करावा, अशी मागणी. प्रतिवादींत पहिले नाव डॉ. आंबेडकर. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूमही निघाला.

वकील म्हणून बाबासाहेबांची सर्वांत कठीण घडी ही होती. २५ डिसेंबरला परिषद भरली. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. हजारो माणसे तुरुंगात जाण्याच्या तयारीने घर सोडून आली होती. कलेक्टर स्वतः परिषदेत येऊन कोर्टाचा हुकूम मोडू नका असे सांगून गेले. लोक ऐकायला तयार नव्हते. एका शब्दावर माणसे तळ्यात उतरली असती. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करावयास लावले. आपला झगडा सनातन्यांशी आहे, हुकूम मोडला तर सरकारशी फुकट वैर पडेल आणि दावाही हातचा जाईल, हे त्यांनी लोकांच्या गळी उतरविले. तळ्याच्या काठाने मिरवणूक मात्र निघाली, आणि पाण्याला हात न लावता लोक परत फिरले. आपल्याच माणसांची निराशा पत्करून कागदावरची बाजू राखणे हे धैर्याचे काम होते असे माझे मत आहे. काही लोकांना ते आजही पटत नाही, हे मला ठाऊक आहे.

फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. पण मूळ दावा चालूच राहिला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. वादी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अपिलात गेले. ३० जानेवारी १९३३ रोजी तेथेही हरले. मग ते हायकोर्टात गेले. वकिलीच्या दृष्टीने पाहिले तर या कामातून एक पैसा मिळायचा नव्हता. उलट याच वर्षांत गोलमेज परिषदांसाठी महिनेच्या महिने लंडनला राहावे लागले. वकील डोळ्यांसमोर नसला की अशील दुसरीकडे जातो. रुळू लागलेली वकिली अशी वारंवार खंडित झाली.

तरीही काम निवडताना त्यांनी फायदा पाहिला नाही याचे आणखी एक उदाहरण देतो. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर समाजस्वास्थ्य मासिकातील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक अडचणींना मासिकात उत्तरे दिली जात, हा गुन्हा. हा विषय घरात काढण्याचीही चोरी होती. अशा आरोपीची बाजू घेतल्याने चार प्रतिष्ठित अशील दुरावण्याचीच शक्यता अधिक. बाबासाहेबांनी ते काम चालविले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. आपल्या लेखांतून बाबासाहेबांचे जिंकलेले खटलेच येतात. हा हरलेलाही यायला हवा.

१९३५ च्या जून महिन्यात ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. सॉलिसिटरांनी ज्यांना ब्रीफ दिले नाही, त्यांच्यासमोर आता सॉलिसिटरांची मुले कायदा शिकायला बसू लागली असतील. पण हे सुख घरात सांगायला कोणी उरले नव्हते. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या होत्या.

महाडच्या दाव्याचा हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर अशा नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत आहे, आणि वकिलीच्या विद्यार्थ्याने तो मुळातून वाचावा. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी तो लिहिला. १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना शिक्षा देणारे न्यायाधीश तेच. चार-पाच एकरांचे ते तळे नगरपालिकेचे ठरले. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालापासून चालत आली आहे असे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून त्यांचे अपील फेटाळले गेले. भावनेला हात घालणारे निकालात फार नाही. वहिवाट म्हणजे काय, ती किती जुनी असावी लागते, पुरावा कोणी द्यायचा, असाच सगळा रोखठोक ऊहापोह आहे. मुंबई इलाख्यातील आपल्या लोकांचा पाण्यावरचा हक्क त्या कोरड्या कलमांवर पक्का झाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला बाबासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून आले होते. पुढे वकिलीपेक्षा विधिमंडळाचे काम वाढत गेले, आणि जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाल्यावर वकिली बहुतेक सुटलीच.

एवढे ऐकून त्या उपासिका घरी गेल्या. मुलाने कारखान्याची जागा धरली नाही. सध्या दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी खोपोलीत अकरावी-बारावीच्या मुलांना हिशेब शिकविणे, असे त्याचे चालू आहे. मागच्या पौर्णिमेला तो विहारात आला होता, तेव्हा वाडीवरचे दोघे जण सातबाऱ्याचे कागद घेऊन त्याच्याजवळ बसले होते.